बुडालेल्या बार्जवर शिसं तळालाच राहतं, आणि घरी आणलेला हेकरू साफ होत नाही

जामसंड्याचा पोरगा

मंडळी, नमस्कार. मी मूळ देवगड तालुक्यातला. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, गेल्या वर्षी गावी परत आलो. लहानपणी जेटीवर पाय सोडून बसायचं आणि तंगूस (नायलॉनची दोरी) टाकून शिंगट्या काढायच्या, गरवण्याची, म्हणजे गरीने मासे पकडण्याची, माझी शिदोरी एवढीच. आता मित्राने फायबरची होडी घेतली आहे, मागे छोटं इंजिन आहे. तासाभराच्या अंतरावर एक जुनं लोखंडी बार्ज बुडालेलं आहे. जागा सांगत नाही, राग मानू नका. पाणी साधारण १३ वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट).

गेल्या रविवारी, म्हणजे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे निघालो. खोली दाखवणाऱ्या मशीनवर बार्जचा उंचवटा दिसला तसा बरोब्बर त्याच्यावरच नांगर टाकला. पुढे जे झालं ते असं:

२०० ग्रॅमची ११ शिसं गेली. टाकलं की अडकलं, ओढलं की तुटलं. नांगरही अडकला, शेवटी दोर कापून आलो. चार वेळा दणदणीत ओढ आली, दोन सेकंद जड लागलं, आणि मग तंगूस जणू भिंतीला बांधलंय असं. मिळालं काय, तर दोन किलोचा एक हेकरू (खडकातल्या भोकात राहणारा मासा), एक तांबोशी, तीन राणी मासे. अर्ध्या किलोचा एक लहान हेकरूही आला होता. त्याची जीभ बाहेर आली होती, दया येऊन परत सोडला. तो पाण्यावर उताणा तरंगत राहिला आणि आमच्या डोळ्यांदेखत घारीने नेला.

मासे ओल्या गोणपाटात ठेवले होते. आठला पकडलेले, घरी पोचायला दोन वाजले. हेकरूचे खवले काही केल्या निघेनात, पोट कापताना काहीतरी फुटलं आणि हिरवं पाणी सगळीकडे झालं. मांस मऊ लागत होतं. वर गाबोळीत (माशाच्या अंड्यांत) लाल दोऱ्यासारखे किडे! आईने बघितलं आणि सगळाच मासा माडाच्या बुंध्यात पुरला. तांबोशी मात्र खाल्ली, चांगली होती, पण पोटाकडची बाजू थोडी उग्र.

कुठे कुठे चुकलं ते सांगा. रागावलात तरी चालेल.

तांडेलाचा नातू

बाबा, सगळं खरं खरं लिहिलंस ते बरं केलंस, कारण उत्तर तुझ्याच लिहिण्यात आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलास. तिथेच निम्मी शिसं गेली.

उधाणाच्या दिवसांत पाणी धावतं. तू शिसं सरळ खाली सोडतोस असं तुला वाटतं, पण मध्ये तंगुसाला पोट पडतं आणि शिसं तळावर घसरत घसरत जाऊन बार्जच्या सांगाड्यात शिरतं. २०० ऐवजी ४०० लावलंस तरी तेच, फक्त नुकसान दुप्पट. बुडालेल्या बोटीवर जायचं ते भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा. अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस धर. त्यातही भरतीचं पाणी सुकतीला (ओहोटीला) फिरतं तो अर्धा-पाऊण तास खरा. त्या वेळी दोर सरळ उभा राहतो, शिसं तळाला टेकलेलं बोटाला कळतं. बाकीचा वेळ डबा खा, आमिष काप.

नांगराचं. रे बाबा, खडपार (खडकाळ तळावर) नांगर टाकूचो नसता! बार्जवर तर नाहीच. त्याच्यावर फाटलेली जाळी, दोर, साखळ्या लोंबत असतात. मशीनवर उंचवटा दिसला की तिथे तरंगता डबा टाक आणि होडी पाण्याच्या ओढीच्या वरच्या अंगाला ने, २५-३० वाव तरी. तिथे वाळूत नांगर टाक आणि दोर सोडत सोडत मागे ये, होडीचं बूड बार्जच्या कडेला येईपर्यंत. मधोमध नाही, कडेला. तुझं आमिष पाण्याबरोबर बार्जकडे जाईल आणि मासा बाहेर येऊन घेईल. त्याच्या घरात शिरून त्याला जेवण वाढायचं नाही, दारात ठेवायचं.

आणि नांगर सळईचा कर, गावातला कुठलाही वेल्डर देतो करून. साखळी वरच्या कडीत अडकवू नको. ती नांगराच्या खालच्या टोकाला, जिथे नख्या जोडतात तिथे बांध, आणि वरच्या कडीला नुसते सुतळीचे दोन-तीन वेढे. अडकला की होडीने पुढून जोर दे, सुतळी तुटते, ओढ खालून बसते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. माझा एक नांगर असा सहा वर्षं टिकला आहे. मतलई (जमिनीकडून येणारं वारं) जोरात असली तर सुतळीचा एक वेढा वाढव.

शिसं. तळाला शिसं बांधायचा धागा मुख्य तंगुसापेक्षा हलका असला पाहिजे. माझं मुख्य तंगूस ०.९ मिलिमीटरचं, आणि शिशाचा धागा ०.४ चा, हातभर. गरी त्याच्या दोन वीत वर. अडकलं तर फक्त शिसं जातं, गरी आणि मासा दोन्ही तुझ्याकडे राहतात. खरं तर शिसंच कशाला? गॅरेजातून जुने स्पार्क प्लग आण, तीन-चार एकत्र बांध. नाहीतर ओढ्यातला लांबट गोटा सुतळीने बांध. आमचा आजा शिसं जाळ्यासाठी राखायचा, गरीला दगड. ११ गुणिले २०० ग्रॅम म्हणजे दोन किलो दोनशे शिसं तू एका सकाळी समुद्रात टाकून आलास. तेवढा मासा तरी आणलास का?

आता ती भिंत. ती भिंत म्हणजे हेकरूच. तो चावून बघत बसत नाही. तोंड उघडतो, आमिष पाण्यासकट आत ओढतो आणि त्याच क्षणी वळतो, भोकाकडे. तुझ्याकडे दोन हातांचा वेळ असतो. ओढ लागल्याबरोबर दोन-तीन हात तंगूस वर घ्यायचंच, एक बोटभरही सोडायचं नाही. तीन वाव वर आला की मग काय ते खेळ. एकदा भोकात शिरला की कल्ले फुगवतो, पाठीचे काटे ताठ करतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. तेव्हा ओढू नको. तंगूस पूर्ण ढिलं सोड, विडी ओढत असशील तर एक ओढ, आणि पाच मिनिटांनी हलक्या हाताने बघ. पाचातला एक तरी स्वतःहून बाहेर निघालेला असतो. हातात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाल, नाहीतर तंगूस बोट कापतं. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण आहे.

आमिष काय लावलं होतंस ते लिहिलं नाहीस, पण तीन राणी मासे लागले म्हणजे कोळंबी किंवा तारली असणार. ती मऊ, बारके मासे टोचून टोचून पळवतात. माकूल (स्क्विड) लाव, पट्ट्या कापून. चिवट असतं, गरीवर टिकतं. मोठा हवा असेल तर मिळालेल्यातलाच एक लहान राणी मासा ओठाला गरी घालून जिवंत सोड. गरी गोल वळणाची घे, टोक आत वळलेली. ती घशात न जाता तोंडाच्या कोपऱ्यात बसते.

तुझ्या लहान हेकरूची ती जीभ नव्हती, पोट होतं. १३ वावांतून झटक्यात वर आला की त्याच्या आतला हवेचा फुगा फुगतो आणि पोट तोंडावाटे बाहेर ढकलतो. मग तो खाली जाऊच शकत नाही. सोडायचाच असेल तर खाली पोचवायला लागतो. मी भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा करतो, कडेला वजन, वर दोर. मासा खाली, क्रेट त्याच्यावर, आणि सोडायचा तळापर्यंत. सहा-सात वावांवर फुगा आपोआप दबतो आणि तो पोहायला लागतो. हे कशाला एवढं, म्हणशील. हेकरू आयुष्याच्या सुरुवातीला मादी असतो, वाढला की नर होतो. म्हणजे मोठे काढले की नर गेले, लहान काढले की उद्याची अंडी गेली. एका बार्जवर असतात किती? मी एका फेरीत दोनच्या वर हेकरू घेत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे खूप आहेत, घाला.

आमच्या घरात अशा जागा जाळी फाटल्यामुळे कळल्या. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. जाळं जिथे अडकलं तिथे उभं राहून ते दीपगृह आणि मागचा डोंगर कसे एका रेषेत दिसतात, दुसऱ्या बाजूला कुठला कडा कुठल्या टेकडीआड जातो, हे बघून ठेवायचे. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. वही नव्हती, डोक्यात. ट्रॉलरवाले त्या जागेला शिव्या घालून लांबून जायचे, अजून जातात. म्हणून तर तिथे मासा उरला आहे. तू जागा सांगितली नाहीस ते योग्यच केलंस.

राहिलं गोणपाट. त्याबद्दल मी लिहिलं तर शिव्या येतील, मालवणची ताई लिहील.

विळीवाली

आले आले. मी मालवणच्या बाजारात बावीस वर्षं मासे कापते.

भावा, तुझा मासा विळीवर यायच्या आधीच बिघडला होता. गोणपाट ओलं असलं तरी उन्हात सहा तास? पोटातलं अन्न आणि पित्त आतून मांस खायला लागतात. तांबोशी पोटाकडे उग्र लागली ती त्यानेच.

होडीवर आला की लगेच कल्ल्याखालची शीर काप, दोन्ही बाजूंची. समुद्राच्या पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून पाच-दहा मिनिटं ठेव, रक्त जाऊ दे. मग बर्फात. नुसता बर्फ नाही. फोडलेला बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र, खिमटीसारखं. मासा त्यात पूर्ण बुडला पाहिजे. नुसत्या लादीवर ठेवलास तर एक बाजू गारठते आणि एक बाजू तापते. जमलं तर होडीवरच पोट साफ करून टाक.

आता हेकरू. त्याचे खवले बारीक असतात आणि कातडीत रुतलेले. तांबोशीसारखे उडत नाहीत. आधी कात्रीने पाठीचे आणि पोटाकडचे काटे मुळापासून काढ, नाहीतर हात फुटतो. मग त्याला टबात पाण्याखाली धर आणि शेपटीकडून डोक्याकडे कोयत्याच्या पाठीने घास. कोरडा घासलास तर संध्याकाळपर्यंत बसशील. सारासाठी कातडी ठेव, जाड असते, शिजल्यावर चिकट होते, तीच गंमत. तळायचा असेल तर घासायची कटकटच नको. मानेभोवती चीर दे, हाताला जाडं मीठ लाव म्हणजे घसरणार नाही, आणि कातडी शेपटीकडे ओढून काढ.

पोट कापताना सुरीचं टोक वर धर, आत खुपसू नको. गुदाकडून हनुवटीकडे वरवरची चीर. ती हिरवी पिशवी पित्ताची, काळजाला (यकृताला) चिकटलेली असते. फुटलंच तर तेवढं मांस कापून टाक, धुवत बसू नको, कडूपणा पसरतो. कल्ले आणि आतडी एकत्र ओढली की सगळं एका झटक्यात येतं. मग कण्याच्या आतल्या बाजूला रक्ताची काळी रेघ असते, तिच्यावरचा पापुद्रा चिरून जुन्या दातघासणीने घास. बहुतेक लोक ती ठेवतात आणि मग म्हणतात माशाला वास येतो.

लाल दोरे हेकरूच्या आणि तांबोशीच्या गाबोळीत दिसतात. गाबोळीतच राहतात. गाबोळी टाकायची, मासा खायचा. नीट शिजलेल्या माशाला काही होत नाही. तुझ्या आईला सांग, माडाला खत मिळालं, पण मासा बिचारा निर्दोष होता. अर्थात तो मऊ पडला होता म्हणतोस, तर पुरला तेच बरं.

एक मात्र. खडपावरच्या फार मोठ्या माशाचं काळीज आणि डोक्यातलं आतलं मी घरात कोणाला देत नाही. खडपातल्या मोठ्या शिकारी माशांत कधी कधी एक विष साठतं, ते शिजवून जात नाही, बर्फात ठेवूनही जात नाही. तोंडाभोवती मुंग्या येतात, गार पाणी गरम लागतं. दोन-तीन किलोपर्यंतचा खा आणि मजा कर. तेवढ्या तांबोशीचं डोकं मधून फोडून तिरफळं घातलेलं सार केलंस तर गालाचं मांस आधी कोण खातं यावरून भांडण होतं आमच्याकडे.

रेवदंड्याचा

नांगराची सुतळीची युक्ती नवीन मिळाली, आभार. माझी भर एवढीच की ०.९ चं तंगूस जरा जाड वाटतं. विणलेली दोरी वापरली तर १३ वावांवरचा हलका टोचाही कळतो, पुढे दोन वाव साधं तंगूस जोडायचं. पण विणलेली दोरी गंजक्या पत्र्याला घासली की सुरीने कापल्यासारखी जाते, हे मान्य.

शिंगटी लागली तर सावध. काटा बसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडव, त्याने कळ उतरते. इंजिनच्या थंडाव्याचं बाहेर पडणारं कोमट पाणी पुरत नाही, थर्मासमध्ये गरम पाणी ने. चहा तर होतोच.

आमच्याकडे बुडालेल्या बोटीवर गरवणं म्हटलं की म्हाताऱ्या मंडळींचा आवाज बदलतो. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझा आजा त्या बाजूला कधी गरी टाकायचा नाही. खाली बोट आहे की नाही, मासा आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता त्याच्यासाठी.

मिऱ्या बंदर

मग आमच्या रत्नागिरीला २०२० च्या निसर्ग वादळात मिऱ्यावर येऊन बसलेलं बसरा स्टार जहाज? तिथे गरवलं तर हेच सगळं लागू?

तांडेलाचा नातू

ते किनाऱ्यावर लाटांत बसलेलं जहाज, हे १३ वावांतलं. तिथे वाळू हलत राहते, लाट फुटते, भोकात राहणारा मासा टिकत नाही. आणि गंजलेल्या जहाजाखाली लाटेत उभं राहून गरवायला जाऊ नका, पत्रा कधी सुटेल सांगता येत नाही.

रेवदंडेकर, तंगुसाबद्दल तुमचं खरं आहे, पण मी हाताने ओढतो, रॉडने नाही. विणलेली दोरी हाताने ओढून बघा एकदा, मग ट्यूबही पुरणार नाही.

जामसंड्याचा पोरगा

दादा, ताई, काय लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. ती म्हणते काळ्या रेघेचं तिला माहीत होतं, मलाच कंटाळा होता. आमिष तारलीच होती, बरोब्बर ओळखलंत.

येत्या अष्टमीला जातोय. वेल्डरकडे नांगर टाकलाय, गॅरेजवाल्याने पिशवीभर स्पार्क प्लग फुकट दिले, वर विचारलं की यांचं लोणचं घालणार का. लाइफ जॅकेट दोन आहेत, माणसं तीन, म्हणून तिसरं आणतोय. इन्कॉईस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघणार. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला आहे.

एकच शंका. भांग लवकर सकाळी नाही जमला आणि पाणी दुपारी फिरणार असेल तर जायचं का?

तांडेलाचा नातू

दुपारी समुद्राकडून खारं वारं चढतं, येताना पाठीवर लाट घेऊन यावं लागेल. तुझ्या छोट्या इंजिनाला ते झेपेल, पण पहिल्या भांगाला नको. सकाळी फिरणारं पाणी ज्या दिवशी मिळेल तो दिवस धर, नाहीतर पुढच्या पंधरवड्याची अष्टमी आहेच. सागरी अभयारण्याच्या हद्दीत तुझी जागा येत नाही ना, तेवढं बघून घे. आणि १ जून ते ३१ जुलै इंजिनवाल्या होड्यांना बंदी असते, म्हणजे हा हंगाम संपायला फार दिवस नाहीत.

बर्फ किती नेतोयस?

जामसंड्याचा पोरगा

एक लादी.

विळीवाली

दोन ने. एक फोडून, एक अख्खी.